वगळलेले चौदा

भिकन कोळीने सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये चोवीस वर्षं जिगर चालवला. जिगरवर कापड एका रुळावरून सुटतं, खालच्या कढत रंगातून जातं आणि पलीकडच्या रुळावर गुंडाळलं जातं. मग पुन्हा उलट. गडद रंगाला असे बारा फेरे. अकरा फेऱ्यांवर सोडलं तरी बघणाऱ्याला कापड सारखंच दिसतं, फरक कळतो तो धुतल्यावर. भिकनने अकरावर कधी सोडलं नाही. सोडणाऱ्यांशी तो बोलतही नसे.

एक्क्याण्णव साली पंपाचं झाकण उडून त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला. जखम भरली, पण बारा तास उभं राहणं संपलं. मालकाने त्याला घडी खात्यात बसवलं. बसून करायचं काम भिकनला शिक्षेसारखं वाटे.

पुढच्या हिवाळ्यात मिलच्या गेटापाशी पत्र्याच्या शेडमध्ये एक डॉक्टरीणबाई टेबल मांडून बसायला लागल्या. डॉ. सीता तायडे. वडील श्रीपत तायडे उधन्याला रेल्वेत गँगमन होते, रुळांखालची खडी ठोकण्यात त्यांचा जन्म गेला. मुलगी शिकली, डॉक्टर झाली आणि शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवू लागली. शरीरातल्या ग्रंथी, त्यांचे रस आणि साखर हा तिचा विषय. रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या रक्तातली साखर दिवसपाळीवाल्यापेक्षा जास्त बिघडते का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी चारशे बारा कामगारांचं रक्त आज तपासायचं आणि तीन वर्षांनी त्याच माणसांचं पुन्हा.

तपासणी सोपी होती, पाळणं अवघड. रात्री दहानंतर काही खायचं नाही. सकाळी सातला पाळी सुटली की उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं, आणि दोन तास शेडमध्येच बसून पुन्हा रक्त द्यायचं. दोन तासांत चहा नाही, बिडी नाही, चालणं नाही.

भिकनही नाव नोंदवून बाकावर बसला होता. दोन तास संपल्यावर त्याने रक्त दिलं आणि टेबलापाशीच उभा राहिला.

"बाई, तुमचा रंग पक्का नाही."

"म्हणजे?"

"त्या कोपऱ्यातल्या तिघांनी मागच्या बाजूने जाऊन चहा मारला. एकाने खारीपण खाल्ली. तुमची मदतीची पोरं बघत होती. धुतलं की उतरेल हे."

कोपऱ्यातला एक जण ओरडला, "ए भिकन, तू काय हिचा मुकादम आहे का रे?"

"नाही. पण तू चोर आहेस."

बाईंनी तिघांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि फाडून टाकल्या. मग चष्मा वर सरकवून विचारलं, "दादा, उद्यापासून येता का माझ्याकडे? पगार मिलपेक्षा कमी आहे."

"उभं राहावं लागतं का?"

"चालावं लागतं."

"मग येतो," भिकन म्हणाला.

माणसं मोजून बसवणं, वेळ लिहिणं, उंची-वजन घेणं, कोण कुठे राहतो ते टिपणं ही कामं त्याच्याकडे आली. उंचीसाठी त्याने शेडच्या भिंतीला लाकडी फूटपट्टी ठोकली आणि टाच भिंतीला टेकल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. कामगार त्याला 'साखरवाला' म्हणू लागले. कुणी डिवचायचं, "साखरवाले, आमच्या रक्ताची बर्फी करता का?" भिकन म्हणायचा, "तुझ्या रक्ताची होणार नाही. टाच टेकव."

एकदा त्याने बाईंना विचारलं, "हे सगळं करून शेवटी काय निघतं?"

"पेपर निघतो. दहा-बारा पानांचा लेख. जगातल्या डॉक्टरांसाठी छापतात."

"आणि तो चांगला की वाईट, हे कोण ठरवतं?"

"दुसऱ्या कुणी आपल्या कामावर पुढचं काम रचलं, की खाली लिहितात, हे अमक्याच्या पेपरवरून घेतलं. असं जितक्या वेळा लिहिलं जाईल तितका पेपर कामाचा."

"म्हणजे आपला माल पुढच्या खात्यात चालला."

"तेच."

भिकनला एवढं पुरलं. बाईंचे तोवर पाच पेपर होते. परदेशातून कधीमधी पोस्टकार्ड यायचं, तुमच्या लेखाची एक प्रत पाठवा म्हणून. कार्ड आलं की भिकन ती प्रत लिफाफ्यात घालून पोस्टात नेऊन द्यायचा. वर्षाला आठ-दहा. बाईंच्या विभागातल्या एका साहेबांचे चौतीस पेपर होते. त्यांच्या टेबलावर भिकनने कधी कार्ड पाहिलं नाही.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेग आला आणि चार दिवसांत सुरत रिकामी झाली. रूमला कुलूप लावायलाही लोक थांबले नाहीत. पांडेसऱ्यातला खानदेशी तर मुळापासून उठला, कुणी शिरपूर, कुणी अमळनेर, कुणी शहादा. दिवाळीनंतर बहुतेक परतले. पंच्याण्णवला ठरल्याप्रमाणे दुसरी फेरी झाली. भिकनने यादीतलं एकेक नाव मोठ्याने पुकारलं, गेटपास पाहिला आणि 'हाजर' म्हणणाऱ्याला बसवलं. चारशे बारापैकी तीनशे शहाऐंशी मिळाले. बाई म्हणाल्या, इतकी माणसं टिकवणं मोठमोठ्या ठिकाणीही जमत नाही. भिकन त्या दिवशी घरी ताठ चालत गेला.

मग हिशेब करण्यात आणि लिहिण्यात दीड वर्ष गेलं. सत्त्याण्णवच्या जानेवारीत परदेशातल्या एका नामांकित नियतकालिकाने पेपर घेतला. बाईंनी भिकनला दोन गोष्टी समजावल्या. एक, रात्रपाळीवाल्यांची साखर खरोखर जास्त बिघडते. दोन, सतरा माणसं अशी निघाली, की ज्यांची बिघडलेली साखर तीन वर्षांत औषधाविना आपोआप जागेवर आली. ही दुसरी गोष्ट नवी होती. संपादकांना तीच आवडली होती. शुक्रवारी छापायच्या पानांचा कच्चा नमुना आला. चुका सुधारून सोमवारी परत टाकायचा होता. एकदा तो गेला की पेपर छापला जाणार. तीन आठवड्यांनी वरच्या जागेसाठी बाईंची मुलाखत होती आणि हा पेपर हातात असला तर ती जागा त्यांचीच, असं कॉलेजातला शिपाईसुद्धा सांगत होता.

रविवारी भिकन बारडोलीला गेला. त्याची मुलगी सोनाली तिथे दिली होती. गळिताचा हंगाम होता. साखर कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड्यांच्या खोपी पडल्या होत्या. एका खोपीपाशी एक माणूस उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत बसला होता. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले. भिकन पुढे जाणार, तोच त्याने हाक मारली.

"वळखं नही का, साखरवाला दादा?"

आवाजावरून ओळख पटली. गोपाल. भिकनच्या वहीतला एकशे सतरा नंबर. त्या सतरा माणसांतला पहिला. ब्याण्णवला याची साखर पार वर होती, पंच्याण्णवला एकदम बरोबर. बाईंनी त्याच्या आकड्याभोवती लाल गोल काढला होता.

"गोपाल? काय हाल करून घेतले रे? पंच्याण्णवला तर तू चांगला होतास. साखर उतरली होती तुझी."

गोपालने शेजारच्या माठातून तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा तांब्या भरला. "मन्ही? मी कव्हय उनू, दादा? प्लेगपासून सुरतले पाय नही ठेवा. अंगमा दमच नही. बायको ऊस तोडस, मी मोळ्या बांधस."

"मग रक्त कोणी दिलं?"

गोपाल तिसरा तांब्या पिता पिता हसला. "बळीरामनी. मन्हा धाकला भाऊ. मन्हा पासवर तोच जास ना मिलमा."

भिकन तिथेच वाढ्यांच्या ढिगावर बसला.

मिलमध्ये हे नवं नव्हतं. एकाचा पास, दुसऱ्याचं काम. थोरला गावी गेला, की धाकटा त्याच्या पासवर त्याच्याच नावाने उभा राहतो. मशीन चालतं, नाव चालतं, कुणी विचारत नाही. चोवीस वर्षं भिकनने स्वतः अशा बदली माणसांबरोबर काम केलं होतं. आणि तरी त्याने नाव पुकारलं, पास पाहिला आणि माणूस पाहिला नाही.

संध्याकाळी घरी तो जेवला नाही. बायकोने, उषाबाईने, ताट झाकून ठेवलं आणि काय झालं ते काढून घेतलं.

"एकच माणूस ना? तीनशे शहाऐंशीमा एक," ती म्हणाली.

"एक सापडला. शोधला नव्हता तरी सापडला. शोधले तर किती सापडतील?"

"मग बाईले सांगी टाका. पोटमा ठेवीसन पचाव नही ते."

"तिची जागा जाईल, उषे."

"आनि नही सांगं तर?"

अकरावर सोडलेलं कापड धुतल्यावर काय होतं, ते तिला चोवीस वर्षं ऐकून ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी आठला तो बाईंच्या खोलीत उभा होता. टेबलावर नमुन्याची पानं सुधारून, लिफाफ्यात घालून ठेवलेली. फक्त चिकटवायचा बाकी होता.

"ताई, लिफाफा बंद करू नका."

त्याने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, स्वतःला सोडलं नाही. चूक माझी, पास पाहिला, माणूस पाहिला नाही, असं तीनदा म्हणाला. बाई पहिल्यांदा रागावल्या नाहीत. नंतर रागावल्या.

"पाच वर्षं, भिकनदादा. पाच वर्षं! तुम्हाला माहीत होतं मिलमध्ये असं चालतं?"

"हो."

"आणि तुम्हाला सुचलं नाही?"

"नाही."

बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. भिकन उभाच. मग त्यांनी कपाटातून दोन्ही फेऱ्यांच्या वह्या काढल्या आणि समोरासमोर उघडल्या.

"माणसाचं वजन बदलतं, साखर बदलते. उंची बदलत नाही. तुम्ही टाच टेकवून घेतलीय ना?"

"प्रत्येकाची."

"मग वाचा."

दुपारपर्यंत ते आकडे वाचत होते आणि बाई खुणा करत होत्या. नऊ जण निघाले, ज्यांची तीन वर्षांत उंची दीड ते अडीच इंच वाढली होती किंवा घटली होती. एकशे सतरा नंबर अडीच इंच वाढला होता. नऊपैकी आठ जण त्या सतरांतले होते. बाईंनी लिफाफ्यातली पानं काढली आणि नियतकालिकाला तार केली: छापू नका, पत्र येत आहे.

"नऊच असतील," त्या म्हणाल्या.

"भावा-भावांची उंची सारखीपण असते, ताई," भिकन म्हणाला. "मला रूमवर जाऊ द्या."

तो तीनशे शहाऐंशी रूमवर गेला. भाजलेला पाय सुजायचा, म्हणून संध्याकाळी मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि सकाळी पुन्हा निघायचा. सहा आठवडे लागले. दारातच लोक घाबरायचे. बदली आहे हे मिलमध्ये कळलं तर पास गेला, काम गेलं. भिकन आत जाऊन बसायचा आणि वही बंद ठेवायचा.

"मालकाला नाव जाणार नाही. माझ्या जिवाची आण. मला फक्त सांग, सुई कोणाला टोचली?"

एका रूमवर कलाबाई नावाची म्हातारी बसली होती. भिकनने विचारलं, "मावशी, तुमच्या मुलाचं नाव काय?"

"कोणतं सांगू? मिलवालं का जन्मवालं?"

"जन्मवालं."

"मंग हा दगडू. पण सकाळी सातपासून सुकलाल. पगार सुकलाल घेतो, जेवतो दगडू." आणि ती इतकी हसली, की आतून दगडूही हसत बाहेर आला. सुकलाल आणि दगडू, दोघांचीही उंची पाच फूट चार. वहीत ते कधीच सापडले नसते.

दगडूला धरून असे पाच निघाले. एकूण चौदा.

मधल्या काळात बाईंची मुलाखत झाली. समितीने छापलेले पेपर मोजले. पाच. घेतलेला पेपर कुठे आहे, विचारलं. बाईंनी सांगितलं, मीच परत घेतला. जागा चौतीस पेपरवाल्या साहेबांना मिळाली. दुसऱ्या दिवशी ते भिकनला जिन्यात भेटले.

"काय भिकन, तुझ्या बाईने जगातला पहिला पेपर काढला ना, जो छापण्याआधीच मेला?"

"मेला नाही साहेब, धुवायला घातलाय. तुमचे कधी घातले का?"

साहेबांनी त्याची तक्रार केली. बाईंनी ती वाचून खणात ठेवली.

सतरांतले अकरा जण त्या चौदांत होते, उरलेल्या सहांवरून काही ठरवता येत नव्हतं. साखर आपोआप जागेवर येते ही नवी गोष्ट गेली, ती भावा-भावांची अदलाबदल होती. पण बाई वहीकडे बघत बसल्या आणि एका दुपारी म्हणाल्या, "दादा, हे चौदाच का गावी राहिले? हजेरीतले बाकीचे तर परत आले."

"दम नव्हता म्हणून. गोपालसारखे."

"म्हणजे ज्यांची साखर सगळ्यात बिघडली तेच मिलमधून गेले. त्यांच्या जागी धडधाकट भाऊ आले. आणि आपण मिलमध्ये बसून मोजतोय की मिल किती निरोगी आहे."

"मोजायला तिकडे जावं लागेल मग."

"चालावं लागेल," बाई म्हणाल्या.

"तेच तर येतं मला," भिकन म्हणाला.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत दोघं निघाली. बाईंकडे सुया आणि बर्फाची पेटी, भिकनकडे ग्लुकोजच्या पुड्या आणि फूटपट्टी. एसटी, जीप, मग पायी. भिकनच्या वहीत पहिल्या फेरीपासून प्रत्येकाचं गाव होतं आणि मामाचं गावही. सुरतेत रूम दर वर्षी बदलते, मामाचं गाव बदलत नाही. बाईंनी ब्याण्णवला ते दोन रकाने फालतू म्हणून खोडायला सांगितले होते. त्याने खोडले नव्हते. गोपाल तोडीला निघण्याआधी त्याच्या गावीच सापडला. चौदांपैकी बारा मिळाले, दोन वारले होते. बारांच्या अंगणात दोन-दोन तास बसून रक्त घेतलं. गोपाल म्हणाला, "दादा, चहा तरी प्या." भिकन म्हणाला, "नऊ वाजून दहा मिनिटांनी. तुझ्याबरोबरच." बारांपैकी अकरांची साखर आणखी चढलेली होती. बाईंनी प्रत्येकाला औषध लिहून दिलं आणि जवळच्या दवाखान्याच्या डॉक्टरला चिठ्ठी.

पहिल्या नियतकालिकाने नवा पेपर नाकारला. बाईंनी तो दुसऱ्या, लहान नियतकालिकाला दिला. अठ्ठ्याण्णवच्या शेवटी छापून आला. शेवटी आभारात 'बी. कोळी' होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवून दाखवलं. भिकनने ते बघितलं आणि पान मागे उलटायला सांगितलं.

"चौदाचं कुठे लिहिलंय?"

बाईंनी वाचून दाखवलं. दुसऱ्या फेरीत चौदा जागी दुसऱ्याच व्यक्तींचं रक्त घेतलं गेलं, असं उंचीच्या तुलनेवरून व घरोघर जाऊन केलेल्या चौकशीवरून निष्पन्न झालं. त्यांचं रक्त हिशेबातून वगळलं. मूळ व्यक्तींचा त्यांच्या गावी जाऊन शोध घेतला.

"पुन्हा वाचा," भिकन म्हणाला.

त्यांनी पुन्हा वाचलं.

मग कार्डं यायला लागली. आधी महिन्याला एक, नंतर आठवड्याला दोन. जपान, फिनलंड, ब्राझील, मद्रास, चंदीगड. भिकन लिफाफे भरून भरून वैतागला आणि वैतागलाय हे सगळ्यांना सांगत फिरला. नव्याण्णवच्या डिसेंबरात बाई मुंबईला गेल्या आणि तिथल्या मोठ्या ग्रंथालयातले जाडजूड सूचीग्रंथ उघडून बसल्या. कोणत्या पेपरात कुणाचं नाव घेतलंय ते त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. परत आल्यावर त्यांनी भिकनला बोलावून घेतलं. चौतीस पेपरवाले साहेबही कसल्याशा सहीसाठी तिथेच होते.

"एका वर्षात तेवीस, भिकनदादा. माझ्या आधीच्या पाचांना मिळून दहा वर्षांत एकोणीस."

साहेबांनी सही केली आणि कागद घेऊन गेले.

भिकन खुर्चीवर बसला. बाईंच्या खोलीत तो पहिल्यांदाच बसत होता. "तेवीसांनी काय घेतलं आपलं? साखर का चौदा?"

बाईंना हा प्रश्न अपेक्षित असावा. त्यांनी वही उघडली. त्या सगळे पेपर काढून वाचून आल्या होत्या. "वीस जणांनी चौदा. कारखान्यातल्या माणसांचा अभ्यास करताना निघून गेलेल्यांना आधी शोधा, आणि नावावर जाऊ नका, माणूस ओळखा. दोघांनी तर लिहिलंय, आम्हीही आता उंची ताडून पाहतो."

"आणि राहिलेले तीन?"

"त्यांनी फक्त साखरेचा आकडा घेतला."

भिकनने मान हलवली. "त्यांनी नीट वाचलं नाही."

तो उठला. तिसऱ्या फेरीची तपासणी जानेवारीत सुरू व्हायची होती आणि शेडची भिंत नव्याने रंगवताना कुणीतरी फूटपट्टी काढून परत ठोकली होती. भिकनला ती अर्धा इंच वर ठोकलेली वाटत होती. दिवस मावळायच्या आत त्याला पांडेसऱ्याला जाऊन ती जमिनीपासून मोजून बघायची होती.